वृक्षांच्या गारव्याचे मोजमाप : शहरी तापमानाच्या अभ्यासात नागरिकांचा सहभाग

मे महिन्यातील दुपारी वडाच्या सावलीत बसलेला भाजीविक्रेता आणि शंभर पावलांवर उघड्या डांबरी रस्त्याकडेला बसलेला विक्रेता एकाच शहरात दोन वेगळी हवामाने अनुभवतात. हवामान केंद्राच्या एका आकड्यातून हा फरक दिसत नाही. उपग्रहाने टिपलेले तापमानही छपरे, रस्ते व वृक्षांचे माथे यांच्या पृष्ठभागाचे असते, माणसाच्या उंचीवरील हवेचे नव्हे. त्यासाठी अनेक ठिकाणी एकाच वेळी नोंदी घ्याव्या लागतात. हे काम मोजक्या शास्त्रज्ञांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने नागरिकांचा सहभाग महत्त्वाचा ठरतो.

वृक्ष गारवा कसा निर्माण करतात?

पर्णसंभार सूर्यकिरणे अडवतो, त्यामुळे रस्ते व भिंती कमी तापतात. दुसरी क्रिया पिकांच्या अभ्यासातून आपल्या परिचयाची आहे, ती म्हणजे बाष्पोत्सर्जन. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. म्हणजेच १०० लिटर पाणी बाष्परूपाने सोडताना वृक्ष सुमारे ६८ युनिट विजेइतकी उष्णता वापरतो. मात्र जमिनीत ओलावा नसेल तर पर्णरंध्रे मिटतात आणि मुख्यतः सावलीचाच लाभ उरतो. बुंध्याभोवती काँक्रीट केल्यास पाणी मुरत नाही व हा गारवा घटतो.

अभ्यास काय सांगतात?

बेंगळुरू येथील रस्त्यांवरील वृक्षांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वृक्षाच्छादित रस्त्यांवर दुपारी हवेचे तापमान ५.६ अंश सेल्सिअसपर्यंत, तर रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान २७.५ अंशांपर्यंत कमी आढळले. अमेरिकेतील मॅडिसन शहरात संशोधकांनी सायकलीवर संवेदक बसवून नोंदी घेतल्या. परिसराचे वृक्षाच्छादन ४० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर दिवसाच्या तापमानात सर्वाधिक घट होते, असा निष्कर्ष २०१९ मध्ये मांडला गेला. म्हणून विखुरलेल्या एकेका रोपापेक्षा सलग छाया अधिक परिणामकारक ठरते.

नागरिकांच्या सहभागाचे ठळक उदाहरण बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांताचे आहे. २०२१ मध्ये तेथील सुमारे ५,००० बागांत संवेदक रोवून मातीचे तापमान व ओलावा नोंदवण्यात आला. अमेरिकेतील अनेक शहरांत स्वयंसेवक वाहनांवर संवेदक लावून सकाळी, दुपारी व सायंकाळी ठरलेल्या मार्गांवर तापमान मोजतात.

नोंदी विश्वासार्ह कशा ठेवाव्यात?

आपल्या तालुक्याच्या गावी किंवा बाजार समितीच्या आवारातही कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, शाळा व व्यापारी यांच्या साहाय्याने असा उपक्रम राबवता येईल. त्यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

• सर्व तापमापके प्रथम एकाच ठिकाणी ठेवून त्यांच्यातील फरक नोंदवावा.
• वृक्षाखालील व जवळच्या उघड्या जागेतील नोंदी जोडीने, एकाच वेळी व सुमारे दीड मीटर उंचीवर घ्याव्यात.
• उघड्या जागेतही तापमापकावर थेट ऊन पडू देऊ नये, मात्र हवा खेळती राहावी. अन्यथा हवेऐवजी तापलेल्या उपकरणाचेच तापमान मिळते.
• मोबाइलच्या हवामान ॲपवरील आकडा त्या जागेचा नसतो, तो वापरू नये.
• वृक्षाची जात, खोडाचा घेर, बुंध्याभोवतीची जमीन, आभाळ व वारा यांची नोंद करावी.
• सकाळ, दुपार व रात्र अशा तिन्ही वेळा, अनेक दिवस मोजमाप करावे. दाट पर्णसंभाराखाली रात्री उष्णता अडकून राहू शकते, त्यामुळे केवळ दुपारच्या नोंदींवर निष्कर्ष काढू नये.

नोंदींचा उपयोग

संकलित माहितीचा सोपा नकाशा करून तो सहभागी नागरिकांसमोर व नगरपरिषदेपुढे मांडावा. हमाल व हातगाडीवाले यांच्यासाठी छाया कोठे हवी, कोणत्या बुंध्याभोवतीचे काँक्रीट काढावे, हे त्यातून ठरवता येते. रस्तारुंदीकरणात जुना वृक्ष तोडून त्याबदली रोप लावण्याचा प्रस्ताव अनेकदा येतो. त्या वृक्षामुळे आज किती अंशांचा दिलासा मिळतो आणि रोपाला तितका विस्तार गाठण्यास किती वर्षे लागतील, हा प्रश्न तेव्हा नागरिकांना स्वतः घेतलेल्या नोंदींच्या आधारे विचारता येईल.