दोन नंबरची पट्टी

सोलापूरजवळच्या होटगी स्टेशनातून सुटलेली वाडीकडची मालगाडी अजून संपत नाहीये. सिमेंटचे डबे एकामागून एक सरकतायत आणि रुळांच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये, लोहारआजोबांचा भाता चालू आहे. भाता म्हणजे आता विजेवरचा पंखा, पण नाव भाताच. सकाळचे अकरा वाजलेत. मे महिना संपत आलाय. खांबाला टांगलेला तापमापक 42 दाखवतोय.

माझा भाचा पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढतो. तो पुण्यात धातुशास्त्र शिकतो. पुडीत तीन पट्ट्या आहेत, वीतभर लांब, एक मिलिमीटर जाड, पितळेसारख्या पिवळ्या. प्रत्येकीच्या कडेला खिळ्याने आकडा कोरलाय.

"कशाची रे?" आजोबा विचारतात.

"तांब्याची, आजोबा. त्यात तेरा टक्क्यांवर थोडं ॲल्युमिनियम आणि चार टक्के निकेल. हिला आपला आकार आठवतो."

आजोबा काही बोलत नाहीत. पन्नास वर्षं घण मारणाऱ्या माणसाला धातू नुसता सांगून पटत नाही, दाखवावा लागतो.

एक नंबरची पट्टी भाचा दोन इंची पाइपाभोवती वाकवतो. ती शिशासारखी मऊ वळते आणि तशीच राहते. मग चहाच्या पातेल्यात उकळणाऱ्या पाण्यात तो ती सोडतो. मी खाली वाकून बघतोय. आधी एक टोक हलतं, मग मधला बाक उलगडतो, आणि दोन-तीन क्षणांत पट्टी सरळ होऊन पातेल्याच्या काठाला टेकते. हात कुणी लावलेला नाही. आजोबा चिमट्याने ती उचलतात, उजेडात धरतात, नखाने टिचकी मारतात.

तीन नंबरची पट्टी दिसायला अगदी तशीच आहे, फक्त ॲल्युमिनियम 13.2 ऐवजी 13.6 टक्के. भाचा ती वाकवतो आणि सोडतो, तर ती छडीसारखी झटकन सरळ होते, गरम पाण्याशिवायच. "पुण्यात डिसेंबरच्या सकाळी हीच वाकवली तर वाकलेली राहायची," तो सांगतो. या मिश्रधातूत किलोमागे एक ग्रॅम ॲल्युमिनियम वाढलं की आकार परत येण्याच्या बदलाचं तापमान साधारण 13 अंशांनी खाली येतं. चार ग्रॅमचे झाले पन्नासच्या वर. होटगीच्या उन्हाने हिला आधीच 'गरम' करून ठेवलंय. वितळवताना थोडं ॲल्युमिनियम मळीत जातं. निकेलऐवजी जस्त घातलं तर ते 907 अंशांनाच उकळून उडायला लागतं, आणि तांबं वितळायला तर 1085 लागतात. मुशीत टाकलेलं वजन आणि ओतलेल्या धातूतलं वजन जुळेलच असं नाही, आणि चूक ग्रॅमाची असली तरी पट्टी वेगळीच वागते.

आता दोन नंबर. घटक एक नंबरचेच, त्याच ओतकामातले. फरक एवढाच, की तापवल्यावर ही पाण्यात न टाकता विजेच्या भट्टीत रात्रभर सावकाश गार होऊ दिली. भाचा ती पाइपावर टेकवून जोर लावतो. कड् असा आवाज येतो आणि बोटभर तुकडा जमिनीवर पडतो. मी तो उचलतो. तुटलेल्या तोंडावर खडीसाखरेसारखे कण चमकतायत.

"बिडासारखं तुटलं की," आजोबा म्हणतात.

सोलापूरच्या माणसाला मी हे हातमागाच्या भाषेत सांगेन. कापडाचा तुकडा तिरका ओढला की त्यातले चौकोन तिरपे होतात, पण एकही धागा आपल्या शेजाऱ्याला सोडत नाही, म्हणून उलट ओढल्यावर चौकोन परत उभे राहतात. आठवणाऱ्या धातूत अणूंचं हेच होतं. गार असताना रचना तिरपी, गरम झाली की उभी. तांबं-ॲल्युमिनियम-निकेलमधला हा उलटसुलट बदल सोव्हिएत संघातल्या कुर्द्युमोव आणि खांद्रोस यांनी 1949 साली नोंदवला. पण सावकाश गार होताना ॲल्युमिनियमच्या अणूंना चालायला वेळ मिळतो. ते वेगळे गट करतात, वीण उसवते, ताणा एकीकडे आणि बाणा एकीकडे. मग परतायला जागाच उरत नाही. निकेल ही चाल मंदावतं, थांबवत नाही.

"पुन्हा तापवू का?" आजोबा विचारतात. हेच विचारायला आम्ही आलोय.

उरलेला तुकडा निखाऱ्यात जातो. भाच्याकडे तापमान मोजायचं काही नाही. त्याला हवेत 850 ते 900 अंश, आणि आजोबा ते डोळ्यांनी मोजतायत. "पांढरी नाही होऊ द्यायची. केशरी झाली की बास." दहा मिनिटं ते पंखा कमीजास्त करत रंग धरून ठेवतात. "आमच्या विळ्याला पाणी दिलं की कडक होतो. तांबं तापवून बुडवलं की मऊ. ही कुणाच्या घरची?"

चिमट्यातून पट्टी थेट बादलीत जाते. चर्र होतं, वाफ उठते. निखाऱ्यापासून बादलीपर्यंत हातभर अंतर आहे, आणि अणूंना चालायला एवढाही वेळ मिळू नये म्हणून आजोबांनी बादली आधीच सरकवून घेतली होती. त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. बादलीतून काढून भाचा ती लगेच उकळत्या पाण्यात ठेवतो. अचानक गार झालेल्या धातूत अणूंच्या रिकाम्या जागा अडकून बसतात आणि बदल अडवतात, इथे त्या थोड्या निवळतात.

पट्टी बाहेर येते, गार होते. आजोबा स्वतः पाइप धरतात. मी तुटण्याच्या आवाजाची वाट बघतोय. तो येत नाही. पट्टी मऊ वळते आणि वळलेली राहते.

पातेल्यात सोडल्यावर ती उलगडते. एक नंबरइतकी साफ नाही, टोकाला किंचित बाक उरलाय. आजोबा ती पुन्हा वाकवतात, पुन्हा बुडवतात. तिसऱ्यांदाही.

भाचा गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय: दोन नंबर. घटक तेच. होटगीत लोहाराच्या भट्टीवर केशरी रंगाला दहा मिनिटं, मग गार पाणी, मग उकळतं पाणी. तीन वेळा वाकवली, तिन्ही वेळा उलगडली.