‘दिया’ म्हणजे तो की ती?

इंडोनेशियन चित्रपटात असा संवाद सहज येऊ शकतो: ‘दिया सुदाह दातांग?’ ‘सुदाह. मोबिलन्या दि देपान.’ एकाने विचारलं, ‘दिया’ आली की आला. दुसऱ्याने सांगितलं, हो, गाडी समोर उभी आहे. मराठी उपशीर्षकं लिहिणारा पहिल्याच वाक्याला अडतो, कारण ‘दिया’ला लिंग नाही आणि क्रियापदालाही नाही. ‘मोबिल’ म्हणजे गाडी. तिला चिकटलेला ‘न्या’ मागच्या ‘दिया’कडे बोट दाखवतो, पण तोही ‘त्याची’ आणि ‘तिची’ यांत फरक करत नाही. आदरार्थी बहुवचनाची पळवाट काढावी, तर ‘आले’ आणि ‘आल्या’ वाटेत उभे!

अशा मोघम सर्वनामांवर कथा कशी चालते, ही शंका रास्त आहे. पण ओळख पटवण्याचं काम तिथे एकट्या सर्वनामावर नसतंच. पडद्यावर माणूस दिसत असतो, आणि बोलणारेही सर्वनाम टाळून बापाक, इबू, मास, म्बाक अशी नात्याची नावं वापरतात. जोको अन्वर यांच्या 2017 च्या ‘पेंगाब्दी सेतान’मध्ये आजारी आई मरते आणि घरात पुन्हा वावरू लागते. ‘इबू’ ही आईला मारायची हाक, आणि तिच्या पाठीमागे तिच्याविषयी बोलतानाही तोच शब्द. एरवी तो बिनचूक माणसाकडे नेतो. इथे मात्र तो कुणाकडे नेतो, गेलेल्या आईकडे की तिच्या रूपात आलेल्या कशाकडे, हाच प्रश्न होऊन बसतो.

पुढे बोट दाखवण्याचीही सोय आहे. ‘बेगिनी’ म्हणून पात्र थांबलं की आता काहीतरी सांगणार हे कळतं. ‘बेगितू’ झालेल्या बोलण्याकडे परत नेतो. आणि जो माणूस अजून पडद्यावर यायचाय त्याला आधीच ‘दिया’ म्हणून ठेवलं, तर तो पुरुष की स्त्री हे लपवायला काहीच खटपट लागत नाही. मराठीत त्यासाठी ‘कुणीतरी’, ‘ती व्यक्ती’ असे शब्द आणावे लागतात, आणि तेवढ्यानेच प्रेक्षकाला संशय येतो.

म्हणून ही सर्वनामं ढिली आहेत असं मात्र नव्हे. ‘किता’ म्हणजे आपण, ‘कामी’ म्हणजे आम्ही, हा भेद मराठी माणसाला लगेच उमगेल. जाकार्ताच्या बोलीत ‘किता’ अनेकदा ‘कामी’ची जागा घेतो, हा आक्षेप खरा, पण त्याच बोलीत ‘मी-तू’च्या जोड्या अनेक आहेत. ‘आदा आपा देंगान चिंता?’ (2002) या चित्रपटाची नायिका चिंता मैत्रिणींशी ‘गुए-लो’ बोलते, आणि नायक रंगाशी बहुतेकदा अंतर राखून ‘साया-कामू’. मराठी उपशीर्षकात दोन्हीकडे ‘मी-तू’च येणार. ‘दिया’चं लिंग मराठी अनुवादकाला पदरचं घालावं लागतं, आणि रंगाशी राखलेलं हे अंतर त्याच्या हातून गळून जातं.