गल्लीतला गतिरोधक कसा हवा?

रात्रीतून डांबराचा ढीग ओतून केलेला उंचवटा म्हणजे गतिरोधक नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच, गोलसर चढ-उताराचा असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून अलगद जाते. त्याहून जोरात गेली तरच हादरा बसतो. अरुंद, टोकदार उंचवट्यावर मात्र सावकाश जाणाऱ्यालाही दणका बसतो. रुग्णवाहिकेतला रुग्ण, दुचाकीवर मागे बसलेली गरोदर बाई यांचे हाल होतात, म्हणून हा आकार महत्त्वाचा. ४० मीटर आधी फलक आणि उंचवट्यावर पांढरे पट्टेही हवेतच. अंधारात न दिसणारा गतिरोधक स्वतःच अपघाताला कारण ठरतो.

वेग एवढा का मोजायचा? ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा ३० च्या वेगापेक्षा जवळपास पावणेतीनपट असते. धडक बसते ती तेवढ्या जोराने.

नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या रहिवाशांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस वेगळी वाट काढली. झाडे, बाक आणि वळणे घालून गल्लीच अशी घडवली, की गाडीने पायी चालणाऱ्यांच्या कलाने जावे. १९७६मध्ये या 'वूनएर्फ'ला तिथे कायद्याची मान्यता मिळाली.