आधी शिक्का, मग कात्री

पहाटे साडेपाच

बुधवार, म्हणजे जुना बाजार. रविवारीही तो भरतो, पण रविवारी हौशे-नवशे फार आणि माल थोडा. वाघोलीच्या माणसाला नगर रस्ता मोकळा हवा असेल तर हीच वेळ. आठनंतर निघालं की केसनंद फाट्यावरच जीव मेटाकुटीला येतो.

साडेसहा, मंगळवार पेठ

ताडपत्र्या पसरल्या जातायत. कुलपं, पाने, बंद घड्याळं आणि त्यांच्यामध्ये हिरव्या-खाकी कापडाचा ढीग. पुण्याला लष्करी मालाचं अप्रूप नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, देहूरोडला मोठा डेपो, शिवाय तीन कॅन्टोन्मेंट. सैन्यातून बाद झालेला माल लिलावात निघतो, ठेकेदार घाऊक उचलतो, त्यातलं बरं आधीच वेचलं जातं आणि उरलंसुरलं इथे येतं.

“काका, काय लावणार?”

“घ्या हो दादा, ओरिजिनल मिलिटरी आहे.”

या बाजारात सगळंच ओरिजिनल असतं. मी काडतुसांचा एक पाउच उचलून शिवणीतला सुटलेला दोरा तोडतो आणि लायटर लावतो. सुताची मऊ राख होते, नायलॉनचा कडक काळा मणी होतो. ज्या पाउचवर १९४२ चा शिक्का आहे त्याच्या शिवणीत नायलॉन निघालं, तर एक तर कोणीतरी नंतर शिवलंय, नाहीतर शिक्काच परवाचा आहे. काका माझ्याकडे न बघता पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलू लागतात. म्हणजे हा परवाचाच.

साडेनऊ, माझी शेड

चहा घेतला की बाजारातून आणलेली गोणी ओतायची. पहिलं काम प्रत्येक पाउच उलटा करून झटकायचा आणि तळाशी बोट फिरवायचं. माती, गंजका खिळा, क्वचित काडतुसाची रिकामी पुंगळी निघते. कामाला येणाऱ्या मुलांना एकच ताकीद आहे: पुंगळीच्या तोंडाशी गोळी बसलेली दिसली तर हात लावायचा नाही, मला हाक मारायची, मी पोलिसांना फोन करणार. जिवंत काडतुसाला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि जुनं काडतूस फुटत नाही हा निव्वळ गैरसमज.

मग ओळखपाळख. आज गोणीत ब्रिटिश सैन्याच्या १९३७ पॅटर्नचे तीन पाउच निघाले, दिवस सत्कारणी लागला. जाड सुती नवार, पेटीसारखा खोल खण, पाठीला कमरपट्ट्यात अडकवायचे पितळी आकडे, वर खांद्याच्या पट्ट्यासाठी बक्कल. एवढा खोल का, तर तो ब्रेन गनच्या दोन मॅगझिनांच्या मापाने बेतलेला आहे. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला कड असते. तीस काडतुसं एकावर एक रचली की रांग आपोआप वाकते, म्हणून ते मॅगझिन बाकदार. पुढे स्टेन गनची लांब, सरळ मॅगझिनं आली तेव्हा पाउचची उंची वाढवावी लागली. त्यामुळे दोन पाउच शेजारी उभे केले की कुठला आधीचा, हे नुसतं बघून कळतं.

झाकणाच्या आत विजेरी मारली. एकावर सरकारी मालाचा बाण आणि शेजारी ‘आय’: हिंदुस्थानात बनलेला, वीण खरखरीत, शिवण जरा तिरकी. दुसऱ्यावर बाण ‘सी’च्या पोटात, म्हणजे कॅनडाचा. त्याची नवार इतकी घट्ट की आरी घामाघूम करते. कॅनडाचा पाउच मंगळवार पेठेत कुठल्या वाटेने आला असेल, याचा विचार मी कामाच्या वेळात करत नाही. तिसऱ्याचा शिक्का पुसलाय.

शिक्का असलेले दोन वेगळ्या पेटीत गेले. ते संग्राहकांना, जसेच्या तसे. धुवायचे नाहीत, पितळ चिंचेने घासायचं नाही. चकचकीत केलेल्या बक्कलाला जाणकार निम्मी किंमत देतो, आणि बरोबरच करतो. तिसरा मशीनवर.

अकरा

मशीनवर मावशी. रिठ्याच्या पाण्यातून काढून सावलीत वाळवलेले आधीचे पाउच त्यांच्यापुढे. माझा आराखडा असा, की इलेक्ट्रिशियनच्या हत्यारांसाठी पाठीचे आकडे काढून सरळ पट्टा जोडायचा. मावशींनी पाउच हातात तोलला.

“आकडे कशाला उसवता? इलेक्ट्रिशियनला पट्ट्यावरच अडकवायचाय ना?”

बरोबर होतं. त्यांनी फक्त आत मधोमध कॅनव्हासचा पडदा घातला: एका बाजूला पक्कड, दुसऱ्या बाजूला टेस्टर आणि टेपचं रीळ. टाके जुन्याच भोकांतून घेतले, कारण ऐंशी वर्षांच्या सुताला नवी भोकं पाडली की तिथूनच ते फाटतं. ज्या कामाला पाउचचं मूळ अंग चालतं, तेच काम त्याला द्यावं, हे माझं मत. खोल खणात कॅमेऱ्याची लेन्स छान बसते. एसएलआर रायफलच्या पाउचची मात्र लोक मोबाइलची पिशवी करून मागतात, आणि वाकल्याशिवाय मोबाइल निघत नाही म्हणून परत आणतात.

दुपारी दोन

डबा. भाकरी, मेथी.

चार

कॉलेजची दोन पोरं आली. त्यांना सैन्याच्या नव्या नक्षीची बॅग हवी. ती मी ठेवत नाही. २०२२ मध्ये नवा गणवेश आला आणि त्या नक्षीचे हक्क सैन्याने नोंदवून घेतले. २०१६ मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतर तर सैन्याने लोकांना लढाऊ गणवेशासारखे कपडे घालू नका असं आवाहनच केलं होतं. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी असा पोशाख घालणं हा गुन्हा आहे. जुना खाकी पाउच कोणाला फसवत नाही. पोरं जुन्या पाउचची किंमत विचारून, “एवढ्यात नवी सॅक येते, काका,” म्हणत गेली. येतेच.

साडेसात

शटर ओढता ओढता मुंबईहून फोन. कला विभागातला मुलगा, १९६२ च्या युद्धाचा प्रसंग चित्रित करायचाय, पाउच भाड्याने हवेत.

“सर, ठिपक्यांच्या नक्षीचे द्या ना. कॅमेऱ्यात भारी दिसतात.”

त्याला सांगितलं, तेव्हा जवानाच्या हातात थ्री-नॉट-थ्री रायफल होती आणि अंगावर हेच सुती पट्टे. माझ्याकडे आहेत, भाडं कमी लावतो, पण ठिपक्यांचे मिळणार नाहीत. ‘डायरेक्टरना विचारून सांगतो’ म्हणाला.