गाईड-कॅप्टनचें कार्य

वीरबालांचें पथक म्हटलें कीं गणवेश, ध्वज, दोरीच्या गांठी आणि शेकोटी हीं डोळ्यांसमोर उभीं राहतात. परंतु ज्या प्रौढ स्त्रीच्या आधारावर हें सर्व चालतें, तिचें नेमकें कार्य कोणतें, याचा विचार क्वचितच होतो. तो येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थोडा इतिहास. इ. स. १९०९ मध्यें लंडन येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें बालवीरांचा मेळावा भरला असतां कांहीं मुलीही तेथें हजर झाल्या व आम्हांसही यांत घ्या, असें म्हणूं लागल्या. त्यावरून १९१० सालीं मुलींची निराळी संस्था निघाली व तिची धुरा बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांजकडे आली. हिंदुस्थानांतील पहिलें पथक १९११ सालीं जबलपूर येथें स्थापन झालें. स्वातंत्र्यानंतर, १९५१ सालीं, येथील गाईड-संस्था ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ या संस्थेंत सामील झाली. मूळ मागणी मुलींची होती, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारण कॅप्टनच्या कामाचें मर्म त्यांतच आहे.

पथकांतील मुली सहा ते आठ जणींच्या टोळ्यांत विभागलेल्या असतात आणि प्रत्येक टोळीची नायिका त्यांच्यांतीलच एक मुलगी असते. या नायिकांच्या सभेंत सहलीचे बेत, खर्च व शिस्तीचे प्रश्न यांचा निर्णय होतो. कॅप्टन तेथें सल्लागार म्हणून बसते. वर्गांत आज्ञा करणाऱ्या शिक्षिकेस पथकांत आल्यावर आपला हात आवरावा लागतो. चूल पेटत नाहीं म्हणून मुली धुरानें डोळे चोळूं लागल्या, तरी तिनें फुंकणी हातीं घेऊं नये. लाकडें ओलीं तर नाहींत ना, एवढेंच विचारावें. मात्र नदीचें पाणी, विस्तव व रात्रीचा मुक्काम यांविषयींची जबाबदारी सर्वस्वीं तिचीच. आईबापांची संमति घेणें, प्रथमोपचाराची पेटी जवळ बाळगणें, प्रत्येक मुलगी सुखरूप घरीं पोंचली हें पाहणें, हीं कामें मुलींवर टाकतां येत नाहींत. मोकळीक आणि देखरेख यांचा असा मेळ घालण्यास केवळ हौस पुरत नाहीं. त्याचें रीतसर शिक्षण घ्यावें लागतें व तें संस्थेच्या शिबिरांतून मिळतें. १९६६ सालीं पुण्यांत उघडलेल्या ‘संगम’ या जागतिक केंद्रांत तर देशोदेशींच्या गाईड व त्यांच्या कॅप्टन एकत्र येतात.

ही सेवा विनावेतन आहे. शाळा सुटल्यावरचा वेळ व सुटीचे दिवस तींत खर्च होतात. कॅप्टनची बदली झाली किंवा घरीं दुखणें आलें कीं पथक मोडतें. मुली त्याच असतात, त्यांचा उत्साहही तोच असतो; उणीव असते ती एका प्रौढ स्त्रीची. म्हणून कॅप्टनच्या जोडीला दुसरी एक तयार होत असणें अवश्य आहे. जिला जखम बांधतां येते, जिला पोहतां येतें, जिला नीट हिशेब ठेवतां येतो, अशा प्रत्येक मातेचा व माजी विद्यार्थिनीचा येथें उपयोग आहे. आठवड्यांतील एक सायंकाळ अशा कोणी नियमानें दिली, तर पुष्कळ पथकें मोडण्यापासून वांचतील, असें आम्हांस खात्रीनें वाटतें.