रात्री घाट चढणारे पाणी

पाणी उताराकडे धावते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर येथे, ते चक्क घाट चढते!

शेजारच्या भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. तेथील विजेचा हिशेब सरळ आहे. शेतीसाठी सोडलेले प्रवरेचे पाणी वाटेत जनित्राचे चाक फिरवते आणि पुढे उसाला जाते. वीज ही जणू वरकड मिळकत.

घाटघरचा प्रकार निराळा. एक तलाव सह्याद्रीच्या माथ्यावर, प्रवरेच्या खोऱ्यात; दुसरा कड्याखाली, ठाणे जिल्ह्यातील चोंढे येथे. दोहोंत सुमारे चारशे मीटरांचे अंतर, तेही उभे. डोंगराच्या पोटात १२५ मेगावॉटची दोन यंत्रे २००८ साली सुरू झाली. दिवेलागणीला घरोघर विजेची मागणी वाढली, की वरचे पाणी कोकणात झेपावते आणि वीज देते. मध्यरात्री मागणी ओसरली, की तीच यंत्रे उलटी फिरून त्याला पुन्हा देशावर आणतात. एरवी गोदावरीकडे जायचे पाणी असे कोकणचा पाहुणचार घेऊन परतते.

वर्गात हे सांगितले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पाणी चढवायलाच जास्त वीज लागत असेल ना?"

प्रश्न बिनतोड होता. अशा केंद्रांत शंभर युनिटे खर्चावीत, तेव्हा पाऊणशे-ऐंशी हाती येतात. कोणताही वाणी असला धंदा करणार नाही. पण कोळशाची वीजकेंद्रे चुलीसारखी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाहीत. हंगामात कैऱ्या स्वस्त झाल्या, की गृहिणी तेल-मीठ खर्चून लोणचे घालतेच. तिला कोणी तोट्यात गेली म्हणत नाही. आता तर सूर्याची वीज ऐन दुपारी उदंड आणि सायंकाळी शून्य, म्हणून ही बरणी अधिकच हवीशी झाली आहे. हिमालयात भागीरथीवर टिहरी येथेही २०२५ साली अशीच यंत्रे सुरू झाली.

मला मात्र मोल वाटते ते पाण्याचे. दुष्काळी सालात प्रवरेचे पाणी जायकवाडीला सोडायचे म्हटले, की नगर आणि मराठवाडा कोर्टापर्यंत भांडतात. त्याच खोऱ्याच्या माथ्यावर हे पाणी वीज देते, आणि उन्हाने उडेल तेवढे सोडले तर जागच्या जागी राहते. ते कोणाच्या वाट्यातून काही काढून घेत नाही.

घाटघरच्या कड्यावर उभे राहिल्यास यातले काहीच दिसत नाही. वारा अंगाशी झोंबतो, खाली कोकण धुक्यात असते, आणि सारा कारभार पायांखालच्या काळ्या कातळात चाललेला असतो.