विजेच्या मोटारीत जनरेटर: किती उपयोगी, किती धोक्याचा?



इस्रायलच्या रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या मोटारी आता पुष्कळ दिसतात. आपल्यापैकी कित्येकांच्या मुला-नातवंडांनी त्या घेतल्या आहेत. एलातला जायचे ठरले की घरात एकच प्रश्न निघतो: आराव्याच्या उन्हात, वाटेतच बॅटरी संपली तर? मग कोणीतरी सुचवतो, "मोटारीतच जनरेटर ठेवा, चालता चालता वीज तयार होईल." हा उपाय कितपत खरा आहे, ते आपण पाहू.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते की चाकांनाच डायनामो जोडला तर मोटार स्वतःची बॅटरी स्वतःच भरील आणि कधी थांबणारच नाही. आपल्या शाळेच्या दिवसांतील सायकल आठवा. रात्री दिव्यासाठी डायनामो टायरला टेकवला की पायडल मारणे लगेच जड होई. दिव्याची वीज आपल्याच पायांतून येत होती. मोटारीचेही तसेच आहे. चाकांकडून जेवढी वीज घ्यावी, त्याहून अधिक बॅटरीतून खर्च होते. मात्र उतारावर व ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती थोडीफार परत मिळवता येते, आणि आजच्या विजेच्या मोटारींत ती सोय असतेच. अरादहून मृत समुद्राकडे उतरताना बॅटरीचा आकडा थोडा वर चढलेला दिसतो, तो यामुळेच.

तेव्हा जनरेटरला बाहेरून इंधन द्यावेच लागते. मोटारीत लहानसे पेट्रोल इंजिन बसवायचे, त्याने जनरेटर फिरवायचा, जनरेटरने वीज द्यायची आणि चाके विजेच्या मोटरनेच फिरवायची, अशी ही रचना आहे. आपल्या समाजातील जी मंडळी भारतात रेल्वेत नोकरीला होती, त्यांना हे नवे नाही. तेथील मोठ्या डिझेल इंजिनांत डिझेल थेट चाके फिरवत नसे. ते जनरेटर फिरवी, आणि चाकांजवळच्या विजेच्या मोटरी गाडी ओढीत. मोटारीतही ही कल्पना जुनीच आहे. फर्डिनंड पोर्श यांनी 1900 साली अशी एक मोटार तयार केली होती.

आपल्या काळातील उदाहरण म्हणजे जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीची आय-थ्री. 2013 साली आलेल्या या मोटारीचा एक प्रकार जनरेटरसह मिळत असे. त्यात स्कूटरचे 647 सीसीचे इंजिन आणि अवघी 9 लिटरची टाकी होती. तेवढ्या पेट्रोलवर मोटार आणखी शंभर-सव्वाशे किलोमीटर जाई. 2023 साली जपानच्या माझदा कंपनीनेही जनरेटर असलेली मोटार आणली. तिची टाकी 50 लिटरची आहे. आपल्या रोश हाआयिन येथील अ‍ॅक्वेरियस इंजिन्स या कंपनीने तर अशा कामासाठी एकाच दट्ट्याचे छोटे इंजिन बनवले आहे. त्याचा दट्ट्या पुढे-मागे सरकतो आणि त्या हालचालीतूनच वीज निर्माण होते.

आता हिशेब मांडू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते. इंजिन आणि जनरेटर यांच्यामधून जाऊन हाती येते साधारण अडीच युनिट वीज. बाकीची उष्णतेत जाते. विजेची मोटार हमरस्त्यावर 100 किलोमीटरला सुमारे 15 युनिट खाते. म्हणजे एका लिटरमागे सोळा-सतरा किलोमीटर. साधी पेट्रोलची मोटारही एवढे अंतर देते. फायदा आहे तो एवढाच की रोजचा जवळचा प्रवास विजेवर होतो आणि लांबच्या प्रवासात पेट्रोलचा आधार राहतो. घरी चार्जिंगची सोय नसेल आणि मोटार सतत पेट्रोलवरच चालवायची असेल, तर बॅटरीचे ओझे उगाच वाहिल्यासारखे होईल.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. बाजारातला घरगुती जनरेटर आणून डिकीत ठेवण्याचा विचार कोणी करीत असेल, तर त्याला थांबवा. असा छोटा जनरेटर तासाला सुमारे 2 युनिट वीज देतो. तासभर थांबून मिळाले किती? तेरा किलोमीटर! थांबूनच, कारण चार्जिंगची तार जोडलेली असताना मोटार हलत नाही. आणि चालू जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद मोटारीत तो साचला तर आत बसलेल्यांना कळण्यापूर्वीच त्यांची शुद्ध हरपते. शिवाय उन्हात तापलेल्या डिकीत पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. कारखान्यातून बसवून आलेल्या जनरेटरचा धूर नळीने बाहेर जातो, म्हणून तो निराळा. पण तशी मोटारही बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नये. पेट्रोल फार दिवस पडून राहिले तर खराब होते, म्हणून यांतील काही मोटारी अधूनमधून आपले इंजिन आपणच सुरू करतात. तेव्हा घाबरू नये.

मग आराव्याची काळजी कशी मिटवावी? आजच्या पुष्कळशा विजेच्या मोटारी एका भरणीत 300 किलोमीटर किंवा अधिक जातात. बेर-शेवाहून एलात सुमारे 240 किलोमीटर आहे. उन्हाळ्यात थंड हवेचे यंत्र आणि जोराचा वेग यांमुळे हा पल्ला कमी होतो, म्हणून निघताना बॅटरी पूर्ण भरावी, वेग आवरावा आणि वाटेत कोठे चार्जिंग करायचे ते आधीच ठरवावे. अर्धा तास थांबावे लागले तर बिघडले काय? आपल्या वयात पाय मोकळे करायला आणि चहा घ्यायला तेवढी विश्रांती लागतेच.